क्रॉस-कंट्री रेससाठी सायकलवर आधी काय बदलावं?

तिसरी_लॅप

नमस्कार मंडळी. सीझन संपला, पुढच्याला पाच महिने आहेत आणि डोक्यात दुसरा विषय नाही, म्हणून धागा काढतोय.

सायकल: ॲल्युमिनियमची २९ इंची हार्डटेल (मागे सस्पेन्शन नाही), पुढे १०० मिमी दबणारा एअर फोर्क, १×१२ गिअर (पुढे एक चकती, मागे बारा), पेडलसकट १३ किलो. माझं वजन ७२. टायर सायकलसोबत आले तेच, २.२५ इंची, आत ट्यूब. हवा ३२ पीएसआय ठेवतो, कारण त्याखाली गेलो की पंक्चर होतं.

पहिलाच सीझन होता. चार रेस लावल्या, तीन ठीक झाल्या. चौथीत तिसऱ्या लॅपला मुळांच्या उतारावर मागचं चाक रिमपर्यंत बसलं. ठक् आवाज आला आणि थोड्याच अंतरात हवा गेली. ट्यूब बाहेर काढली तर शेजारी-शेजारी दोन चिरा. बदलेपर्यंत पावणेसात मिनिटं गेली. माझ्या गटातले सगळे एकेक करून पुढे निघून गेले आणि मी लिव्हर हातात धरून बघत बसलो. ते अजून डोक्यातून जात नाही.

सोबतचे म्हणतात कार्बनची चाकं घे, अर्धा किलो कमी होईल. एक जण म्हणतो फुल सस्पेन्शनच (पुढे-मागे दोन्हीकडे) घे, हार्डटेलचे दिवस गेले. सगळं एकदम जमणार नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर कुठल्या क्रमाने गेला असता?

रानवाट

शेजारी-शेजारी दोन चिरा म्हणजे स्नेक बाइट. टायर दाबला जाऊन ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच लिहिलंय बघा: "त्याखाली गेलो की पंक्चर होतं." ट्यूबमुळे हवा जास्त ठेवावी लागते, आणि जास्त हवेमुळे बाकी सगळं बिघडतं. सुरुवात तिथून करा. ट्यूबलेस, म्हणजे ट्यूब काढून थेट टायरमध्ये हवा आणि आत छोटी भोकं बुजवणारं पातळ सीलंट.

आधी अर्ध्या किलोचा हिशोब करू. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो. रेसमध्ये एकूण ६०० मीटर चढ आहे असं धरा. ८५ किलो ६०० मीटर उचलायला साधारण ५०० किलोज्यूल लागतात. चढावर २२० वॅट काढलेत तर नुसत्या उचलण्याला ३८ मिनिटं. त्यातून अर्धा किलो वजा केलात तर वाचतात १३ सेकंद. चाकाचं वजन असलं तर वळणातून पुन्हा वेग घेताना थोडा जास्त फायदा, पण चढावर किलो हा किलोच असतो, चाकात असो नाहीतर फ्रेममध्ये. १३ सेकंद कमी नाहीत, माझ्या दोन रेस त्याहून कमी फरकाने गेल्यात. पण तुमची पावणेसात मिनिटं एका ट्यूबने खाल्ली.

आता हवेचं. डांबरी रस्त्यावर कडक टायर चांगला पळतो म्हणून आपण रानातही तोच नियम लावतो. खडबडीत जमिनीवर तसं होत नाही. कडक टायर प्रत्येक दगडावर चढतो, म्हणजे दर वेळी सायकल आणि त्यावरचे तुम्ही थोडे थोडे उचलले जाता आणि आपटता. ती शक्ती तुमच्याच पायांतून आलेली असते आणि अंग हादरण्यात संपते. मऊ टायर त्या दगडाला पोटात घेतो आणि तुम्ही सरळ पुढे जाता. शिवाय पकड वाढते, म्हणजे उभ्या चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरत नाही.

७२ किलोला २.२५ च्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २०, मागे २२ पासून सुरुवात करा. मग एकेक पीएसआय खाली. मोठ्या दगडावर रिमचा हलका ठोका ऐकू येईल तिथे एक-दीड पीएसआय परत वर. पंपावरच्या काट्यावर विसंबू नका, तळाच्या आकड्यांना बहुतेक काटे चुकतात. छोटा डिजिटल गेज घ्या. सगळ्या यादीत मी पहिली वस्तू तीच लिहीन.

टायर बदलताना दोन्हीकडे सारखा घ्यायचं कारण नाही. पुढे थोडी उंच, मोकळी नक्षी, कारण पुढचा घसरला की माणूस पडतोच. मागे मधल्या पट्ट्यात बुटकी, दाट नक्षी, म्हणजे गडगडत जाईल. २.३५ किंवा २.४ फ्रेममध्ये मोकळा बसत असेल तर तेवढा घ्या. आणि सगळ्यात हलक्या साइडवॉलचा (टायरच्या बाजूच्या भिंतीचा) मोह टाळा. ऑलिंपिकसुद्धा टायरवर फिरतं. पॅरिस २०२४ मध्ये टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं, चाक बदलून परत निघेपर्यंत जवळपास ४० सेकंद गेले. तो ते भरून काढून जिंकला, पण तो पिडकॉक. आदल्या दिवशी महिलांच्या रेसमध्ये पक पीटर्से दुसऱ्या जागेवर असताना पंक्चर झाली आणि चौथी आली.

चढणवेडी

रानवाटदादांच्या प्रत्येक वाक्याला +१. फक्त आकडे सरसकट घेऊ नका. माझं वजन ४८ किलो आहे. क्लबमधल्या सगळ्यांनी मला पहिली दोन वर्षं २२-२४ ठेवायला लावले आणि मी ओल्या मुळांवर घसरत राहिले. मला वाटायचं आपलं तंत्र कच्चं आहे. आता २.३५ मध्ये पुढे १५.५, मागे १७ ठेवते आणि त्याच मुळांवरून पेडल मारत जाते.

फोर्कचंही तसंच. फोर्कच्या नळीवर एक रबरी रिंग असते. रेसनंतर ती कुठे थांबली ते बघा. माझी दोन वर्षं ६० मिमीच्या पुढे कधी गेलीच नाही, म्हणजे १०० मिमीपैकी ४० मिमी मी नुसते वाहून नेत होते. हवा उतरवून सॅग (नुसतं सायकलवर बसल्यावर फोर्क दबतो तो) २० मिमीवर आणला, आतले व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारे तुकडे) काढले आणि रिबाउंड (दबल्यावर परत वर येण्याचा वेग) मोकळा केला. हवा कमी केली की रिबाउंडही मोकळा करावाच लागतो, नाहीतर फोर्क एका धक्क्यातून वर यायच्या आत दुसरा बसतो आणि तो खाली-खालीच जात राहतो. यासाठी काही विकत घ्यावं लागलं नाही, शॉक पंप घरात होता.

@तिसरी_लॅप, तुमची रिंग कुठे थांबते?

तिसरी_लॅप

ताई, आत्ता जाऊन बघितलं. रिंग ७० वर आहे. आणि सॅग मोजला तर जेमतेम ९ मिमी. हवा भरली होती ती सायकल घेतली त्या दिवशी, नंतर हात लावलेला नाही.

१२चा_पाना

मग फोर्कची सर्व्हिसही झाली नसणार. सायकल किती तास चालली? ५० तासांच्या आसपास खालचे पाय उतरवून सील पुसायचे, फोमच्या रिंगा तेलात भिजवायच्या, नवं तेल घालायचं. तेवढ्याने फोर्क असा बदलतो की नवा घेतल्यासारखं वाटतं. पहिल्या इंचात अडखळणारा फोर्क बारीक खडे घेतच नाही, सगळे मनगटात येतात.

मी वीस वर्षं सायकली उघडतोय. रेसच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडे जे येतात त्यातले बहुतेक नवा पार्ट लावायला येतात आणि जुना तपासायचा राहिलेला असतो. म्हणून माझी यादी.

साखळी. १२ स्पीडला ०.५ टक्का ताणली की बदला. गेज नसेल तर स्टीलची पट्टी लावा: बारा पूर्ण कड्यांना, म्हणजे पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंत, नवी साखळी ३०४.८ मिमी भरते. ३०६.३ झाली की तिचा वेळ संपला. पुढे ओढत राहिलात तर कॅसेटचे (मागच्या चकत्यांचे) दात तिच्या मापाने झिजतात आणि मग नवी साखळी त्यावर उड्या मारते.

हँगर. मागचा डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेला असतो तो. सायकल उजव्या बाजूला नुसती पडली तरी वाकतो आणि डोळ्याला दिसत नाही. मग लोक केबलचा ताण फिरवत बसतात आणि गिअर काही बसत नाहीत. एक रायडर असाच आला, सगळ्यात मोठ्या गिअरला करकर येते म्हणाला. हँगर गेज लावला तर टोकाला १२ मिमीचा फरक. तो तसाच पहिल्या चढाला गेला असता तर डिरेलर स्पोकमध्ये जाऊन सीझन तिथेच संपला असता. आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर पिशवीत ठेवाच.

ब्रेक पॅड. साखळीला स्प्रे मारताना उडालेला एक थेंब डिस्कवर पुरेसा आहे. पॅड तेल पितात आणि मग किंचाळतात. नवे पॅड लावले की मोकळ्या जागी वेगात जाऊन वीसेक वेळा ब्रेक दाबा, पूर्ण थांबायच्या आत सोडा. न बसलेल्या पॅडवर रेसला उभं राहू नका. चिखल असेल तर मेटॅलिक पॅड, ऑरगॅनिक पॅड ओल्या मातीत एका रेसमध्येही संपू शकतात.

बोल्ट. टॉर्क पान्याने. स्टेमला बहुधा ५ न्यूटन मीटर, डिस्कच्या सहा स्क्रूंना ६ च्या आसपास, पण पार्टवर लिहिलेलं असतं ते वाचा.

सुटा_खडा

एवढं सगळं वाचलं, ड्रॉपरचं कोणीच बोललं नाही! माझ्या मते ट्यूबलेसनंतर लगेच ड्रॉपर पोस्ट, म्हणजे बटण दाबून चालत्या सायकलवर खाली-वर होणारा सीटचा दांडा. सीट खाली गेली की सायकल अंगाखाली मोकळी फिरते, मुळांच्या उतारावर वजन मागे न टाकता मधोमध उभं राहता येतं आणि पुढच्या चाकावर भार राहतो. १०० मिमीचा पुरे. @तिसरी_लॅप ज्या उतारावर थांबले तिथे सीट वर असल्यामुळेच मागे टेकले असतील आणि सगळा भार मागच्या टायरवर गेला असेल. पैज लावतो.

रानवाट

मुद्दा बरोबर आहे, क्रमाबद्दल माझं मत वेगळं. ड्रॉपर ३०० ते ४०० ग्रॅम वाढवतो, त्याची केबल फ्रेममधून ओढावी लागते आणि तो वापरायचा हात बसायला काही महिने लागतात. पहिल्या-दुसऱ्या सीझनला आधी उतार शिकावा.

सुटा_खडा

"आधी शिका मग वस्तू घ्या" हे मला उलटं वाटतं. उंच सीटवर घाबरत शिकलेलं तंत्र नंतर मोडून परत शिकावं लागतं. मी तीन वर्षं तशी घालवली. वर्ल्ड कपमध्ये आज ड्रॉपर सर्रास दिसतो आणि ते लोक ग्रॅमग्रॅमचा हिशोब करतात. त्यांना ते ४०० ग्रॅम परवडतात याचा अर्थ उतारावर त्याहून जास्त परत मिळतं.

चढणवेडी

दोघांचंही पटतंय. मी ड्रॉपर काढून परत साधा पोस्ट लावला, पण मी ज्या ट्रॅकवर धावते तिथे सीट खाली करण्यासारखे उतार लॅपमध्ये दोनच आहेत. आपल्या ट्रॅकवर लॅपमध्ये किती वेळा बटण दाबलं असतं ते मोजा आणि ठरवा. पाच-सहाच्या वर असेल तर घ्या.

फुल सस्पेन्शनचं पण असंच आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला यारोस्लाव्ह कुल्हावी फुल सस्पेन्शनवर होता, निनो शुर्टर हार्डटेलवर, आणि दीड तासाच्या रेसनंतर दोघांत फरक एका सेकंदाचा. जिंकला कुल्हावी. चार वर्षांनी रिओला शुर्टर स्वतः फुल सस्पेन्शनवर आला आणि सुवर्ण घेऊन गेला. ट्रॅक जसजसे दगडी झाले तशा सायकली बदलल्या. तुमचा ट्रॅक अजून तसा नसेल तर हार्डटेल बिलकुल जुनी झालेली नाही.

१२चा_पाना

अजून एक, फुकटातलं. ब्रेकचे लिव्हर आत सरकवा, इतके की तर्जनी बरोबर लिव्हरच्या टोकाच्या आकड्यावर बसेल आणि बाकी तीन बोटं ग्रिपवर राहतील. एका बोटाने ब्रेक लागायला हवा. ग्रिप लॉक-ऑन (स्क्रूने आवळणाऱ्या) नसतील तर त्या बदला. ओल्या हातात फिरणारी ग्रिप कोणाच्याच वाट्याला येऊ नये असं मला वाटतं.

तिसरी_लॅप

मंडळी, सहा आठवड्यांनी परत आलो. जे केलं ते लिहितो.

ट्यूबलेस स्वतः केलं, दोन वेळा फसल्यावर जमलं. फसलं ते टेपमुळे. रिम नुसती फडक्याने पुसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर जमिनीला टेकलेला आणि स्पोकच्या मुळाशी पांढरे थेंब. म्हणजे सीलंट टेपखालून वाट काढत होतं. मग रिम अल्कोहोलने पुसली, आतल्या रुंदीपेक्षा ३ मिमी रुंद टेप घेतली, ताणून बसवली आणि टोक दहा सेंटीमीटर एकावर एक आणलं. व्हॉल्व्हचं भोक कात्रीने न कापता तापवलेल्या दाभणाने पाडलं, त्याने कडा फाटत नाही. टायरच्या कडांना साबणाचं पाणी, व्हॉल्व्हचा कोअर काढून जोरात हवा, आणि टक्-टक् करत कडा रिमवर बसल्या. तो आवाज ऐकून इतका आनंद झाला की शेजारच्या खोलीतून आई बघायला आली. मग प्रत्येकी १०० मिली सीलंट. चाक हलवून एक रात्र एका बाजूने आणि एक रात्र दुसऱ्या बाजूने बादलीवर आडवं ठेवलं.

मग रानवाटदादांचं "पोटात घेतो" तपासून बघितलं. एक खडकाळ उतार आहे, खाली सपाट माळ. वर एका दगडापाशी थांबायचं, पाय न मारता सोडायचं, जिथे सायकल थांबेल तिथे काठी रोवायची. प्रत्येक हवेला पाच वेळा. २२ वर ३२ पेक्षा सरासरी ११ मीटर पुढे गेलो. २० वर आणखी थोडा. १८ वर तेवढाच, पण रिम दोनदा ठोकली. सध्या पुढे १९.५, मागे २१.५.

फोर्कचा सॅग १८ मिमी, सर्व्हिस करून घेतली. आता रिंग ९२ वर जाते. लिव्हर आत घेतले. साखळी मोजली तर ३०६.५, बदलली. ड्रॉपर घेतलेला नाही, पण सुटा_खडा यांचं ऐकून एक दिवस सीट हाताने ८ सेंटीमीटर खाली करून फक्त उतार केले. पैज तुम्ही जिंकलात. पुढच्या वर्षी घेणार.

दोन प्रश्न. पुढची चकती ३४ दातांची आहे, मागे १०-५१. शेवटच्या लॅपला उभ्या चढावर पाय भरून येतात. ३२ लावू का? आणि रेसमध्ये सोबत काय ठेवायचं?

रानवाट

३२ लावा. ३२-५१ ला मिनिटाला ७० फेऱ्या मारल्यात तरी ताशी सहा किलोमीटरने चढता येतं, ३४ ला त्यासाठी थोडं जास्त ढकलावं लागतं. फरक कागदावर छोटा दिसतो, पाचव्या लॅपला मांडीला कळतो. वरच्या टोकाला तुम्ही जे गमवाल ते फक्त मोकळ्या उतारावर, आणि तिथे अंग चोरून बसलेलं बरं.

सोबत: प्लग (टायरच्या भोकात खुपसायची रबरी वात) आणि त्याची सुई हँडलबारला किंवा फ्रेमला टेप करून, खिशात नाही. एक सीओटू नळी (झटकन हवा भरायला). छोटी मल्टीटूल. साखळीची एक क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडायची कडी). बस. मोठ्या अंतराच्या रेसला एक पातळ टीपीयू (प्लॅस्टिकची) ट्यूबही. मोठ्या स्पर्धांत बाहेरची मदत फक्त ठरलेल्या टेक्निकल झोनमध्येच घेता येते, तिथे चाक बदलता येतं पण सायकल नाही. म्हणजे झोनपर्यंत पोचायचं कसं हे तुमच्याच हातात.

आणि प्लग मारायचा सराव करा. जुना टायर घ्या, खिळ्याने भोक पाडा, घड्याळ लावा. माझा पहिला प्रयत्न तीन मिनिटांचा होता.

चढणवेडी

सीओटू मारला तर घरी आल्यावर ती हवा काढून पंपाने भरा आणि सीलंट बघा. काही लेटेक्सची सीलंट सीओटूच्या गारठ्याने गोळा होतात.

तिसरी_लॅप

सीझनची पहिली रेस काल झाली. चौथ्या लॅपला मागच्या टायरला चीर गेली. फुस्स आवाज आणि पोटरीवर सीलंटचे शिंतोडे. चीर वर फिरवली, सीलंट धरत नव्हतं, बाहेर फेसच येत होता. प्लग मारला, अर्धी नळी हवा, निघालो. मागून येणाऱ्या मित्राच्या घड्याळात ५२ सेकंद. दोन जण पुढे गेले, त्यातला एक मी शेवटच्या चढावर ३२-५१ ला परत गाठला.

प्लग अजून तसाच आहे आणि हवा टिकून आहे. पुढची रेस तीन आठवड्यांनी. तसाच चालवू का?

१२चा_पाना

शाबास. पण तसाच चालवू नका. चीर किती मोठी आहे? बाहेरची शेपटी कापली का? राहिली असेल तर जमिनीला घासून प्लग हळूहळू बाहेर ओढला जातो. टायर उतरवा, आतून बघा. धागे तुटले असतील तर आतून टायरचा पॅच चिकटवा, ट्यूबचा नव्हे. चीर साइडवॉलच्या जवळ असेल तर तो टायर सरावाला ठेवा, रेसला नको.

तिसरी_लॅप

उतरवला. चीर ६ मिमी, नक्षीच्या दोन ठोकळ्यांच्या मधे, साइडवॉलपासून लांब. आतले धागे दोन-तीन तुटलेत. आणि आत सीलंट जवळजवळ नव्हतंच, नुसता पातळ कातडीसारखा थर आणि एक रबरी गोळा. चार महिन्यांपूर्वी घातलं होतं, त्यानंतर बघितलंच नव्हतं. म्हणूनच धरलं नसणार. आतून बोट फिरवलं तर काट्यांची तीन टोकं लागली, तीन पंक्चर मला न कळताच बुजली होती. टोकं पक्कडीने काढली, आत घासून पॅच लावलाय, उद्या १०० मिली नवं घालतो. रेसच्या आठवडाभर आधी व्हॉल्व्हमधून काडी घालून पातळी बघायची, हे गेजच्या डबीवर लिहून ठेवलंय.